पापलेटचं काळीज

१

"मावशी, कुणीतरी पापलेटचं हृदय चोरलं," रुचिरा फोनवर म्हणाली आणि रडायला लागली.

रविवारची सकाळ होती आणि मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांत पाणी आधीपासूनच होतं. सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला आणि रोडपालीहून रिक्षा करून नवीन पनवेलला तिच्या प्रयोगशाळेत पोचले.

पापलेट म्हणजे मासा नव्हे. मोरा बंदरावरच्या गुणाबाई कोळणीचा हा पॉमेरेनियन कुत्रा. पांढराशुभ्र, गोल, चपटा बसायचा, म्हणून पापलेट. म्हातारपणी त्याच्या हृदयाची झडप सैल झाली. रक्त पुढे जायच्या ऐवजी थोडं मागे यायचं आणि बिचाऱ्याला जिना चढला की धाप लागायची. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांचं हे नेहमीचं दुखणं.

रुचिरा आपटे ही जनावरांची डॉक्टर. माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, नात्यानं कोणी नाही, तरी मावशी म्हणते आणि हक्कानं साखर मागायला येते. हृदयाच्या एका नव्या औषधावर तिचं संशोधन चालू आहे. पापलेटला ते औषध मिळालं आणि जो कुत्रा महिनाभर काढेल की नाही असं वाटत होतं, तो पुढे दोन वर्षं बंदरावर मांजरांच्या मागे धावला. शनिवारी पहाटे झोपेतच गेला. चांगलं मरण आलं म्हणायचं.

आता रुचिराला पाहायचं होतं की औषधानं नुसती धाप कमी केली, की हृदयाचा स्नायूच सुधारला. ते बाहेरून कळत नाही. मेल्यावर हृदयाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागतात. बाकीचे मालक "नको हो, फाडाफाडी नको" म्हणायचे. एकट्या गुणाबाई हो म्हणाल्या होत्या. सोमवारी संशोधन तपासणारी समिती येणार होती. पापलेटचं हृदय दाखवता आलं नाही तर संशोधन बंद, आणि ज्या बाकीच्या कुत्र्यांना ते औषध चालू होतं त्यांचंही बंद.

"बघ," रुचिरानं पांढरा प्लास्टिकचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मी वाकून पाहिलं. तपकिरी, गुळगुळीत, पाकळ्यापाकळ्यांचं. आमच्या सीकेपी घरात असलं रविवारी आलं-लसणीत परतून ताटात यायचं. मी पटकन बोलून गेले, "अगं, हे तर काळीज आहे."

"नाही ना मावशी," ती हुंदका देत म्हणाली, "काळीज कुठंय? हे यकृत आहे."

डॉक्टर मंडळींना शास्त्रीय शब्द लागतात. रडणाऱ्या मुलीशी शब्दांवरून कोण वाद घालणार? तिथेच मी अडखळले असते तर पुढची निम्मी दगदग वाचली असती.

२

माझी ओळख सांगते, म्हणजे रुचिरा पोलिसांऐवजी माझ्याकडे का आली ते कळेल. मी नीता टिपणीस. आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली. न जळलेली गोदामं आणि न बुडालेल्या होड्या पाहिल्या आहेत. दुसरं म्हणजे, माझ्या स्वतःच्या छातीत डुकराची झडप आहे. माझी झडप निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी ती बसवली. सोसायटीतल्या दोघीतिघींनी मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर खल केला म्हणे. करोत बापड्या. मी रोज सकाळी उठते, श्वास घेते आणि त्या डुकराचे आभार मानते. म्हणून रुचिराचं काम मला परकं वाटत नाही.

"डबा कुठून कसा आला ते सांग," मी म्हटलं.

ती डोळे पुसून सांगू लागली. शनिवारी पहाटे पापलेट गेला तेव्हा ती नागपूरला परिषदेत होती. गुणाबाईंचा फोन आला. "त्या इतक्या रडत होत्या मावशी, मला हृदय-बिदय असले पुस्तकी शब्द तोंडातून काढवेनात. मी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलले. समजावलं, आणि म्हटलं आमचे डॉक्टर येतील." मग तिनं उरणच्या डॉक्टर वरदला निरोप पाठवला, की मोऱ्याला जा, गुणाबाईंना सगळं सांगितलंय, त्या सांगतील तसं काढून पोचव. आणि ती भाषणाला उभी राहिली. वरदनं संध्याकाळी डबा आणून इथल्या डॉक्टर इंद्रजीतच्या हातात दिला. इंद्रजीतनं तो फ्रिजमध्ये ठेवून कुलूप लावलं. आज सकाळी तिनं उघडला.

"किल्ली?"

"रात्रभर इंद्रजीतकडेच. आज सकाळी मी त्याच्याकडून घेतली. आणि मावशी, तो पहिल्यापासून म्हणतोय की हे औषध काही कामाचं नाही. माझं खरं ठरलं तर त्याचं खोटं ठरतं." तिचा आवाज बदलला. "मी पोलिसात जाणार आहे."

"जा की. पण आधी चहा पाज."

तिनं चहा करायला पाठ फिरवली तशी मी कचऱ्याची टोपली उपसली. डब्यावरची चिकटपट्टी सापडली. तिच्यावर वरदची आडवी सही, आणि पट्टी मधोमध कात्रीनं एकाच फटक्यात कापलेली.

"ही तू कापलीस?"

"हो, आज सकाळी."

सही एका रेषेत जुळत होती. पट्टी आधी सोलून पुन्हा चिकटवली असती तर कडा उचकटल्या असत्या, खाली पांढरा डाग आला असता. तसं काही नव्हतं. म्हणजे वरदनं डबा बंद केल्यापासून आज सकाळपर्यंत तो कुणीच उघडला नव्हता.

तेवढ्यात दारात इंद्रजीत उभा राहिला. उंच, चष्मेवाला, चेहऱ्यावर कायम बद्धकोष्ठाचा भाव. त्यानं टेबलावरच्या डब्यात पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलला ते असं, "वा. सुंदर आहे."

३

रुचिरा त्याच्या अंगावर धावून जाणार होती. मी तिला चहात साखर घालायला लावलं.

"सुंदर काय आहे त्यात?" मी विचारलं.

"यकृत," तो म्हणाला. "म्हाताऱ्या कुत्र्याचं आहे, पण तुंबलेलं नाही. हृदय थकलं की रक्त मागे साचतं आणि यकृत सुजतं, डागाळतं. इथे तसं काही नाही. कुणाचं आहे हे?"

"तेच आम्ही तुला विचारतोय," रुचिरा म्हणाली.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "तुला वाटतं मी बदललं?" तो म्हणाला. "रुचिरा, तुझं चूक आहे असं मला वाटतं. पण ते हृदय बघूनच ठरणार ना? ते हरवलं तर माझं बरोबर आहे हेही कधी कळणार नाही."

चोराच्या मनात चांदणं असतं. या माणसाच्या मनात नुसती अमावास्या होती, सरळ आणि रुक्ष. शिवाय त्याच्या बोलण्यानं एक गोष्ट पक्की झाली. ज्याला फसवायचं असतं तो बाजारातून बकऱ्याचं यकृत आणतो. म्हाताऱ्या कुत्र्याचं कुठून आणणार? हे पापलेटचंच असणार.

म्हणजे पाणी वरदपाशी मुरत होतं.

"त्याचं आणि तुझं काही बिनसलंय?"

रुचिरा जरा ओशाळली. "त्याला आमच्या संशोधनात यायचं होतं. मी नाही म्हटलं. फार प्रश्न विचारायचा. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, सांगितलं तेवढं करत जा."

मी वरदला फोन लावला. माझा जुना नियम आहे, की काय गेलं ते आपण होऊन सांगायचं नाही. समोरच्याला बोलू द्यायचं. "डॉक्टर, पापलेटच्या डब्याबद्दल जरा बोलायचं होतं," मी म्हटलं.

"का? काय चुकलं?" पोरगा लगेच फुरंगटला. "मॅडमनी मागितलं तेच काढलं. धुतलं, औषधी पाण्यात ठेवलं, सही केली, स्वतः मोटरसायकलवर आणून दिलं. एक प्रश्न विचारला नाही. त्यांना प्रश्न आवडत नाहीत ना. आता त्यातही चूक?" आणि त्यानं फोन ठेवून दिला.

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस इतका दुखावत नाही, तो गोड बोलतो.

"आणखी कोणाला राग होता?" मी विचारलं.

"प्रितम," रुचिरा म्हणाली. "गुणाबाईंचा मुलगा. कुत्रा खरं तर त्याचाच. मागे एकदा मला म्हणाला होता, माझ्या पापलेटला कुणी हात लावायचा नाय."

मग मी गुणाबाईंना फोन लावला. मागे भांड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी रुचिराची मावशी म्हणून सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "काळीज पोचलं का बाय नीट? तुमी म्हटलात तसंच दिलंय आमी."

"पोचलं," मी म्हटलं. "प्रितम आहे का घरी?"

"प्रितम दर्यात हाय. गुरुवारीच गेलाय. आज भरतीला येल. आमी सगली त्याच्यासाठीच थांबलोय. बर्फ पन संपत आलाय."

गुरुवारपासून समुद्रात असलेला माणूस शनिवारी मोऱ्यात कुत्र्याचं हृदय कसं लपवेल? प्रितम सुटला. इंद्रजीत सुटला होता. वरद खोटं बोलत नव्हता. संशयित संपले आणि हृदय मात्र गायब होतं.

४

मी चहाचा शेवटचा घोट घेतला. रुचिरा खिडकीपाशी उभी होती. "मावशी," ती म्हणाली, "माझं काळीजच तुटलंय."

मी कप खाली ठेवला.

"रुचे, तुमच्या पुण्याच्या घरात कधी मटण शिजलं होतं?"

"काय विचारतेस? अंडंसुद्धा नाही."

"आणि कॉलेजात अवयव कोणत्या भाषेत शिकलात?"

"इंग्रजीत. लिव्हर, हार्ट, किडनी."

"मग काळीज हा शब्द तुला कुठून माहीत?"

ती माझ्याकडे वळली. "सगळ्यांनाच माहीत असतो. गाण्यांत असतो. काळीज तुटतं, काळजाचा ठोका चुकतो, काळजाला भिडतं. काळीज म्हणजे हृदय."

"आता आठव. काल गुणाबाईंशी त्यांच्या भाषेत बोललीस. नक्की काय म्हणालीस?"

"म्हटलं, गुणाबाई, पापलेटचं काळीज आम्हाला द्याल का?"

इंद्रजीतनं चष्मा काढला. तो साताऱ्याकडचा. त्याच्या घरीही रविवार असतो. "अरे देवा," तो पुटपुटला.

"गाण्यात काळीज म्हणजे हृदय," मी म्हटलं. "पण मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे तू डब्यात बघतेयस ते. यकृत. कलेजी म्हण हवं तर. हृदयाला तिथे दिल म्हणतात. गुणाबाईंनी जन्मभर मासळी साफ केलीय, सणाला मटण शिजवलंय. त्यांना काळीज मागितलंस, त्यांनी वरदला काळीज काढायला सांगितलं, आणि त्यानं काळीज काढलं. त्याला वाटलं असेल, औषधाचा यकृतावर काय परिणाम होतो ते बघायचं असेल. विचारावंसं वाटलंही असेल. पण त्याला तूच सांगून ठेवलं होतंस, सांगितलं तेवढं करत जा."

माझीही चूक काही कमी नव्हती. सकाळी मी म्हटलं हे काळीज आहे, ती म्हणाली काळीज कुठंय, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर होतो. इथे ध चा मासुद्धा झाला नव्हता. शब्द तोच, फक्त दोन स्वयंपाकघरं वेगळी.

रुचिरा खाली बसली. "म्हणजे कुणीच चोरलं नाही. हृदय पापलेटमध्येच आहे. आणि त्याला तर कालच पुरलं असेल."

"नाही," मी उठून चप्पल शोधू लागले. "प्रितमसाठी थांबलोय म्हणाल्या. मला वाटलं जेवायचे थांबलेत. बर्फ संपत आलाय म्हणाल्या. मला वाटलं मासळीचा. अगं, कोळ्याच्या घरी बर्फाची पेटी असते. त्यांनी पापलेटला बर्फात ठेवलंय, प्रितमला शेवटचं बघता यावं म्हणून."

इंद्रजीतनं गाडीची किल्ली आधीच हातात घेतली होती. "बर्फात असेल तर स्नायू अजून तपासता येईल," तो म्हणाला. "भरती किती वाजता आहे?"

ते आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. गुणाबाई फोन उचलत नव्हत्या.

५

उरणचा रस्ता म्हणजे कंटेनरची वरात. ज्याच्यावर पोलीस घालायला निघाली होती त्याच्याच गाडीत रुचिरा पुढे बसली होती. पनवेल मागे पडलं. मग ती म्हणाली, "इंद्रजीत, माफ कर."

"समोर बघ," तो म्हणाला. "मला गाडी चालवताना बोललेलं आवडत नाही." पण त्याचे कान लाल झाले होते.

मग तिनं वरदला फोन केला. मी ऐकत होते. तिनं कारणं दिली नाहीत. "वरद, चूक माझी. शब्द माझा चुकला आणि तुला प्रश्न विचारायची भीती घातली तीही मीच. तू जवळ आहेस. मोऱ्याला धाव, आणि आम्ही येईपर्यंत त्यांना थांबव." पलीकडून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही पोचलो तेव्हा प्रितमची होडी लागलेली होती. घरामागच्या अंगणात आंब्याखाली खड्डा खणून तयार होता. थर्माकोलची पेटी उघडी होती आणि तिच्याशेजारी उघड्या अंगाचा, खारट पाण्यानं केस चिकटलेला प्रितम गुडघ्यांवर बसला होता. खड्ड्याच्या कडेला वरद उभा होता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. त्यानं थांबवलं होतं खरं, आणि ते सोपं गेलं नव्हतं.

"पुना फाडायचा म्हनतोय हा," प्रितम आमच्याकडे न बघताच म्हणाला. "एकदा फाडला ना? काय पायजे होतं ते नेलं ना? आता बास."

रुचिरा बोलू लागली, समिती, औषध, बाकीचे कुत्रे. खरं तेच सांगत होती, पण त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. मी तिला मागे केलं आणि पेटीजवळ खाली बसले. बसले म्हणजे काय, या वयात गुडघ्यांनी बसू दिलं एवढंच. पापलेट पांढऱ्या बर्फात पांढरा निजला होता. पोटावर वरदनं घातलेले बारीक टाके नीटस होते. कोणी गळ्यात अबोलीचा गजरा घातला होता.

"माझ्या छातीत डुकराची झडप आहे," मी प्रितमला म्हटलं.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"खरंच सांगते. ती नसती तर मी इथे नसते. असली झडप करायला आधी कितीतरी जनावरांच्या हृदयांवर शिकले लोक. मला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही."

बर्फ चाचपत तो म्हणाला, "त्या डुकराला कोनी इचारलं होतं?"

"नाही रे," मी म्हटलं. "कुणीच नाही विचारलं. म्हणून तर तुला विचारायला आलेय."

त्याचे खांदे हलले. गुणाबाई दारातून पुढे आल्या आणि त्यांनी मुलाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "औशदानं दोन वर्सं दिली आपल्याला," त्या म्हणाल्या. "तू दर्यावरनं आलास का हा धक्क्यावर पलत यायचा. ती दोन वर्सं आपन कुनाला परत दिली? दे बाला."

प्रितमनं नाक पुसलं. "मी धरतो त्याला," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनी धरायचा नाय."

गुणाबाई रुचिराकडे वळल्या. डोळे भरलेले होते, तरी आवाजात कोळणीचा ठसका होता. "आता नीट सांग बाय. नक्की काय पायजे तुला?"

मराठीतला एकही शब्द रुचिराला त्या घडीला भरवशाचा वाटला नसावा. तिनं आपला उजवा हात उचलला, स्वतःच्या छातीवर डावीकडे ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"हां," गुणाबाई म्हणाल्या. "तां होय. मंग आदीच असा हात ठेवायचा ना."

रुचिरानं सुरी वरदच्या हातात दिली. "तूच काढ," ती म्हणाली. "आणि काही विचारायचं असेल तर विचार." त्यानं दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते, असं इंद्रजीत परतताना म्हणाला.

६

समितीनं सोमवारी हृदय पाहिलं आणि मुदत वाढवली. औषध कुणाचंच बंद झालं नाही. काप करून तपासायला पुढे बरेच दिवस गेले. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून इंद्रजीतनं पाहिलं, कारण रुचिरा म्हणाली, माझ्या बाजूनं नाही तोच आधी बघू दे. तो डोळा न काढता बराच वेळ बसला. मग म्हणाला, "स्नायू या वयाच्या मानानं फार चांगला आहे. माझं चुकलं असण्याची शक्यता आहे." त्या माणसाच्या तोंडून हे म्हणजे पेढेच वाटल्यासारखं. एका कुत्र्यानं सगळं सिद्ध होत नाही, माणसाच्या गोळीपर्यंत तर अजून फार लांबची वाट आहे, हेही त्यानं लगेच ऐकवलं. पण तेव्हापासून तीन घरांनी आपणहून हो म्हटलंय. चुकून आलेल्या यकृतानंही आपली साक्ष दिलीच होती, त्यामुळे आता दोन्ही अवयव तपासतात. वरद प्रत्येकाच्या घरी जातो आणि छातीवर हात ठेवून विचारतो.

नारळी पौर्णिमेला गुणाबाईंनी आम्हाला सगळ्यांना मोऱ्याला बोलावलं. रुचिरानं हृदयाचा उरलेला भाग परत नेला होता. प्रितमनं तो आंब्याखाली पापलेटजवळ ठेवला आणि माती सारखी केली. मग होडी सजवून आम्ही थोडं आत गेलो. रुचिरा नारळीभात खाण्यात गुंग होती. त्यात मासळी नाही ना, हे तिनं दोनदा विचारून घेतलं होतं.

प्रितमनं एक नारळ दर्याला दिला. मग मी पिशवीतून माझा काढला. मनातल्या मनात आभार रोज मानते, पण उघडपणे मानायला मला आजवर जागाच मिळाली नव्हती. देवळात डुकराचं नाव काढलं असतं तर गुरुजींनी मला बाहेर काढलं असतं.

"ह्यो कोनाचा?" प्रितमनं विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच आठवलं.

त्यानं माझा हात धरला, मी पडू नये म्हणून, आणि आम्ही दोघांनी मिळून नारळ पाण्यात सोडला.